प्लॉट घेताय? सातबाऱ्यावरचा ‘वर्ग 2’ आधी बघा

देवपुरात सध्या जो तो प्लॉटच्याच गोष्टी करतोय. मित्रांनो, सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ दिसलं की जरा थांबा. त्यामागे कधी कधी जुन्या वतनाचा इतिहास असतो.

पूर्वी पगाराऐवजी जमीन द्यायचे. 1818 ला खानदेश इंग्रजांकडे गेला. 1852 पासून इनाम कमिशनने सनदा तपासल्या, कागद नसलेल्यांची इनामं गेली. महार वतन तर बक्षीस नव्हतंच. जमिनीच्या तुकड्यापायी अख्ख्या घराला रात्रंदिवस राबवणं होतं. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. शेवटी 1958 च्या कायद्याने वतन संपलं. जमीन त्याच कुटुंबांना मिळाली, पण अटीवर: बिगरशेतीसाठी विकायची तर कलेक्टरची परवानगी आणि नजराणा.

अट गरिबाची जमीन वाचावी म्हणून. पण तिचाच धाक घालून दलाल साध्या स्टँपवर कवडीमोलाने जमिनी लिहून घेतात. मूळ कुटुंब बुडतं, आणि कर्ज काढून प्लॉट घेणाराही अडकतो.

म्हणून भाऊ, इसार देण्याआधी तहसीलमधून जुने फेरफार काढा. तेव्हा सनद होती, आज सातबारा आहे. कागद न बघणाऱ्याची जमीन तेव्हाही गेली, आजही जाते.