बीजेची कोर

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी आईचं पितळी निरांजन चिंचेने घासायला घेते. त्याच्या कडेला एक पोचा आहे. दादाने लहानपणी ते भोवऱ्यासारखं फिरवून पाहिलं होतं, त्याची ती खूण. पोच्यामुळे निरांजन जरा कलतं उभं राहतं, म्हणून फुलवात बरोबर मध्ये न ठेवता किंचित डावीकडे ठेवावी लागते. हे आईला माहीत होतं, मला माहीत आहे. माझ्यानंतर हे कुणाला सांगायचं, हा प्रश्न घासताना दरवर्षी पडतो आणि मी चिंच जरा जोरात चोळते.

माझं लहानपण वाईचं. आमचं वाड्यातलं बिऱ्हाड कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. नरकचतुर्दशीला पहाटे चार वाजता आई उठवायची. बंब पेटलेला असायचा. तेल लावून, उटणं चोळून अर्धी आंघोळ झाली की न्हाणीघराच्या दारात ती निरांजन घेऊन उभी राहायची. बाहेर मिट्ट काळोख, केसांतून पाणी निथळतंय, दात वाजतायत, आणि गालांना त्या ज्योतीची इवलीशी ऊब. दिवाळी म्हटलं की मला अजून ती ऊब आठवते. फटाके आठवत नाहीत.

भाऊबीजेला निरांजन माझ्या हातात यायचं. पाटाभोवती रांगोळी, ताम्हनात कुंकू, अक्षता, सुपारी, आईच्या बोटातली अंगठी. हसू येऊ नये म्हणून दादा गाल फुगवून बसायचा. मग ताम्हनात आठ आणे टाकायचा आणि राजाने जहागीर दिल्यासारखा माझ्याकडे बघायचा.

त्याच संध्याकाळी मागच्या बिऱ्हाडातल्या काकू ताम्हन घेऊन अंगणात यायच्या. त्यांना भाऊ नव्हता. भाऊ नसलेल्या बायकांनी बीजेला चंद्राला ओवाळायची आपल्याकडे रीतच आहे. त्या वाड्याच्या पश्चिमेच्या भिंतीपाशी उभ्या राहायच्या, पदर सावरायच्या आणि नखाएवढ्या कोरीला अगदी सावकाश ओवाळायच्या. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा फटकन म्हणाले, "काकू, चंद्र कुठे ओवाळणी घालतो?" काकूंनी अक्षता टाकल्या आणि मान न वळवता म्हणाल्या, "तुझा भाऊ तरी कुठे घालतो? ते आठ आणे तुझ्या वडलांच्या खिशातले." वाडाभर हशा पिकला. त्या हशात काकूही होत्या, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

1982 मध्ये लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. निरांजन आईने बरोबर दिलं. पाडव्याला ह्यांना ओवाळायचं, तर ह्यांचं लक्ष घड्याळाकडे, कारण सुट्टी एकच दिवस आणि मित्र खाली थांबलेले. बीजेला दादा साताऱ्याहून एसटीने यायचा, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. पाटावर बसताना त्याचे गुडघे वाजायला लागले तेव्हा मी पाट काढून खुर्ची ठेवली. पुढे मुलगा झाला, तो पाटावर बसायला लागला. निरांजनाला त्या वर्षांत उसंत नव्हती.

2014 च्या भाद्रपदात दादा गेला. त्या वर्षी आकाशकंदील लावला नाही, कढई चढवली नाही. शेजारपाजारच्या घरांतून फराळाची ताटं आली. दुःखाच्या घरात तळण होत नाही, पण त्या घराला फराळावाचून ठेवायचंही नाही, असा आपला शहाणा रिवाज. ओट्यावर सात ताटं मांडली होती. सात घरांच्या सात चकल्या चाखून मी ह्यांना म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरच्यांचं मोहन जास्त झालंय." मग ओट्याला धरून रडले. रडायला चकलीचं मोहन पुरलं.

2019 मध्ये हे गेले. मुलगा त्याआधीच टोरांटोला गेलेला. आता नरकचतुर्दशीला पहाटे साडेपाचला मी त्याला फोनवर ओवाळते. माझी पहाट, त्याच्याकडे आदल्या रात्रीचे आठ. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचा, कुंकू लावायला बोट पुढे करायचं आणि ऐनवेळी मागे घ्यायचं. एकदा नादात लावलंच, तर त्याच्या कपाळाला लागायच्या ऐवजी फोनच बंद झाला. दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र घर असं गप्प झालं की फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली.

सणाचं दुःख इतर दिवसांच्या दुःखाहून वेगळं असतं. एरवी एकटीने चहा घेणं हा नुसता चहा असतो. दिवाळीत तोच एकटेपणा होतो. दिवाळीच्या पहाटे आमच्या डोंबिवलीच्या फडके रोडवर गणेश मंदिरापर्यंत नटूनथटून आलेल्या पोरापोरींची इतकी गर्दी लोटते की पाय ठेवायला जागा नसते. एक वर्ष मीही गेले. कुणाचा धक्का लागला की "सॉरी हं काकू" एवढं मात्र ऐकायला मिळालं. अर्ध्या तासात परत आले. गर्दी म्हणजे सोबत नव्हे, हे मुंबईच्या लोकलने तीस वर्षं शिकवलंच होतं. तरी जाऊन बघितलं.

घरी येऊन निरांजन लावलं आणि तेव्हा खरी अडचण समजली. दिवा एकटीला लावता येतो. ओवाळता येत नाही. ओवाळायला समोर कुणीतरी लागतं, आणि दिवाळी हा तर पहिल्यापासून शेवटपर्यंत ओवाळण्याचा सण.

मग मी बोटांवर मोजत बसले. वसुबारसेला आपण ओवाळतो गाय-वासराला. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतो, तो यमासाठी. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. आणि ज्या बीजेसाठी मी सगळ्यात जास्त रडते, तिचं दुसरं नाव यमद्वितीया. यम त्या दिवशी यमुनेकडे, म्हणजे बहिणीकडे, जेवायला गेला अशी कथा आहे. ज्याने माझा भाऊ नेला, तोही कुणाचा तरी भाऊच. हे आठवल्यावर राग गेला असं नाही, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

ज्यांनी हे दिवस मांडले त्यांना माणसं कायम समोर नसतात हे पक्कं ठाऊक असणार. त्यांनी गाय, केरसुणी, यम, चंद्र अशी सगळ्यांना पुरेल एवढी सोय करून ठेवली. आणि चंद्राची सोय करताना एक मेख मारून ठेवली: तो स्वयंपाकघरात बसून दिसत नाही. काकूंना अंगणात यावंच लागायचं. अंगणात आलं की वाडा भेटायचा, आगाऊ पोरी भेटायच्या, उत्तर द्यावं लागायचं.

गेल्या बीजेला मी चंद्राला ओवाळायचं ठरवलं. हे सोपं नाही. बीजेची कोर सूर्यापाठोपाठ पश्चिमेला दिसते आणि तासाभरात मावळते. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावाला. माझ्या गॅलरीतून पश्चिमेला दिसतो तो समोरचा नवा टॉवर. घड्याळात सव्वासहा झाले होते. ताम्हनावर ताट झाकून मी लिफ्टने सातव्या मजल्यावर गेले आणि ज्या घराची गॅलरी पश्चिमेला आहे त्या घराची बेल वाजवली. तिथे कोण राहतं हेही मला माहीत नव्हतं. एकाच इमारतीत!

दार एका तरुण मुलीने उघडलं. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले. मी म्हणाले, "तुमच्या गॅलरीतून चंद्र दिसतो का?" माझ्या पासष्टीपार तोंडाकडे आणि झाकलेल्या ताम्हनाकडे ती बघतच राहिली. मग म्हणाली, "दिसत असेल. या ना." ती नर्स होती, रत्नागिरीची. दिवाळीत दवाखाने बंद नसतात, तेव्हा रजा नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपलेली. गॅलरीत तिचे गणवेश वाळत होते. तिने ते भराभरा दोरीवरून काढले, आणि मागे आकाशात, टॉवरच्या बगलेत, कोर होती. वाईच्या भिंतीवर होती तेवढीच.

वारा होता. फुलवात विझू-विझू करत होती. त्या मुलीने काही न विचारता ज्योतीभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला. मी ओवाळलं. दादाचं नाव घेतलं, काकूंचं घेतलं, थोडं ह्यांचंही. "चांदोबा मामा म्हणतो ना आपण, त्याला ओवाळलं," मी म्हणाले. ती म्हणाली, "म्हणजे आमचा मामा, तुमचा भाऊ." मग तिने आठ वाजताची ड्युटी आहे म्हणून घड्याळ बघितलं आणि मी निघाले.

यातून दुःख संपतं असं मी सांगणार नाही. हे गेले त्या वर्षी दिवाळी सरली, तुळशीचं लग्न झालं, मार्गशीर्ष लागला, तरी मला झोप नव्हती आणि अंघोळीलाही उठवत नव्हतं. तेव्हा चंद्र कामाचा नव्हता, डॉक्टरच कामाचे होते. मी गेले आणि बरं झालं गेले. तसं कुणाचं होत असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक कोणत्याही वेळी लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पण ज्यांना नुसतं सणापुरतं गलबलून येतं, त्यांनी यंदा बीजेला सहाच्या सुमाराला घराबाहेर पडावं. गच्ची नसेल तर कुणाची तरी बेल वाजवावी. लाज वाटेल, वाटू द्यावी. कोर फार वेळ थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला चकल्या नेऊन दिल्या. डबा अजून तिच्याकडेच आहे. मी मागितलेला नाही.