डॉक्टर येईपर्यंत





वार्तापत्रातील या पानावर प्राचार्यांनी निकाल, गुणवंतांचे अभिनंदन आणि स्नेहसंमेलनाचा वृत्तांत द्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. ते सर्व पुढील पानांवर आहेच. आज आम्ही हे पान एका वेगळ्या विषयासाठी घेत आहोत. एखाद्याला मोठी जखम होऊन रक्त वाहू लागले किंवा एखाद्याचे हृदय अचानक थांबले, तर डॉक्टर येईपर्यंत जवळच्या माणसाने काय करावे? आणि हे आपल्या मुलांना शाळेत शिकवावे की नाही? विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत यावर निर्णय व्हायचा आहे. त्याआधी आमचे म्हणणे आपल्यापुढे यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या पावसाळ्यातील घटना पुष्कळांना ठाऊक आहे. नववीतील एका मुलाचा हात खिडकीच्या काचेवर आदळला आणि मनगटाच्या वर खोल चिरला. रक्ताची चिळकांडी उडाली. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा भोवती पाच-सात मोठी माणसे होती. कोणी म्हणे हळद आणा, कोणी म्हणे कॉफी भरा, कोणी म्हणे नळाखाली धरा. आपल्या शिपाईमामांनी कोणाचेच ऐकले नाही. धुतलेल्या पंचाची घडी करून त्यांनी ती जखमेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. पंचा भिजला तरी तो काढला नाही, त्यावर दुसरे कापड ठेवले. "थांबलं का ते बघू या," असे कोणी म्हणाले, तेव्हा मामा एवढेच बोलले, "आत्ता बघायचं नाही. दाबायचं." रुग्णालयात पोहोचेपर्यंत, रिक्षातसुद्धा, त्यांनी दाब सोडला नाही. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी आधी मुलाला धीर दिला आणि मग मामांना नमस्कार केला. मुलगा आज त्याच हाताने लिहितो आहे.

मामा तरुणपणी इंदूरच्या एका कापड गिरणीत होते. तेथील प्रथमोपचार पथकात ते हे शिकले. गिरणी बंद पडली, पण विद्या हातात राहिली. येत्या मार्चमध्ये मामा निवृत्त होत आहेत. एवढ्या मोठ्या शाळेत ही विद्या एकाच माणसाच्या हातात असावी आणि त्याच्याबरोबर ती फाटकाबाहेर जावी, हे काही आमच्या मनाला पटेना.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा 'प्राथमिक चिकित्सा' नावाचा एक धडा होता. बुडालेल्या माणसाला पालथे झोपवून त्याची पाठ दाबावी, असे त्यात शिकवीत. परंतु ज्ञान काही एका जागी थांबत नाही. म्हणून आम्ही शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची मदत घेतली. ते आता डॉक्टर आहेत. त्यांनी इंग्रजी शोधनिबंध समजावून सांगितले आणि आम्ही शब्दकोश जवळ ठेवून ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो.

प्रथम रक्तस्रावाविषयी. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. तीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात ते सव्वादोन लिटरच्या आसपास भरते. मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो. म्हणून पहिला उपाय म्हणजे थेट आणि सलग दाब. कापड उचलून पाहिले की धरत आलेली गुठळी सुटते. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळतात. हा पट्टा अगदी शेवटचा उपाय, असे पूर्वी मानत. इराकच्या युद्धात बगदादच्या लष्करी रुग्णालयात अमेरिकन डॉक्टरांनी याची नोंद ठेवली आणि २००९ साली ती प्रसिद्ध झाली. रक्त कमी होऊन शरीर थंड पडण्याआधी ज्यांना पट्टा बांधला होता, त्यांच्यापैकी ९० टक्के वाचले. त्यानंतर बांधला त्यांच्यापैकी १० टक्केच वाचले. उपाय एकच होता, फरक फक्त वेळेचा.

दुसरी हकिकत जपानची. दुसऱ्या महायुद्धानंतर श्रीमती उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके ओकामोटो हे दोघे संशोधक रक्तस्राव आवरणारे औषध शोधत होते. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या स्त्रियांना वाचवावे, ही उताकोबाईंची तळमळ. लहान मुलीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करीत. १९६२ साली त्यांना ट्रानेक्सामिक अॅसिड हे औषध सापडले. तयार झालेली गुठळी शरीर पुन्हा विरघळवू लागते, ते हे औषध रोखते. पण बाळंतिणींवर त्याची परीक्षा घ्यायला तेथील डॉक्टर तयार झाले नाहीत, आणि दात काढणे वगैरे प्रसंगीच ते वापरले जाऊ लागले.

पुढे लंडनच्या संशोधकांनी ४० देशांतील २७४ रुग्णालयांत वीस हजारांहून अधिक अपघातग्रस्तांवर या औषधाची चाचणी घेतली. भारतातील रुग्णालयेही त्यात होती. २०१० साली निकाल आला, औषधाने मृत्यू कमी होतात. पाठोपाठ असेही दिसले की तीन तासांच्या आत दिले तरच उपयोग, नंतर दिले तर उलट अपाय. २०१७ साली वीस हजार बाळंतिणींवरील चाचणीचा निकाल आला आणि रक्तस्रावाने होणारे मृत्यू या औषधाने घटतात हे सिद्ध झाले. उताकोबाईंचे ९८ व्या वर्षी, त्याच्या आदल्याच वर्षी निधन झाले होते. त्यानंतर २०१८ साली दोन्ही चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले गेले, तेव्हा पंधरा-पंधरा मिनिटांच्या उशिराने औषधाचा लाभ सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो, असे आढळले. हे औषध देणे डॉक्टरांचे काम आहे, आपले नव्हे. पण रोगी त्यांच्या हाती जिवंत पोहोचवणे हे आपलेच काम.

तिसरी गोष्ट हृदयाची. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९६० साली तीन संशोधकांनी दाखवून दिले की छाती न उघडता, नुसत्या तळहातांनी दाबून, थांबलेल्या हृदयातून रक्त पुढे ढकलता येते. मोठ्या माणसाची छाती मधोमध सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. त्यासाठी यंत्र लागत नाही. डेन्मार्कमध्ये २००५ पासून हे शाळांत सक्तीने शिकवू लागले. तेथे २००१ साली असे हृदय थांबल्यावर शंभरात एकवीस जणांनाच जवळच्या माणसांकडून मदत मिळे. २०१० साली हे प्रमाण पंचेचाळीसवर गेले. महिन्याभरानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात साडेतीनवरून जवळजवळ अकरा झाले. याला इतरही प्रयत्न कारणीभूत होते, पण शाळेचा वाटा लहान म्हणता येणार नाही. बाराव्या वर्षापासून दरवर्षी दोन तास हे शिकवावे, या आवाहनाला जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली पाठिंबा दिला आहे.

आता काही पालकांनी लिहून कळवलेल्या शंका. "मुले घाबरतील." या शिक्षणात खरे रक्त कोठेच नसते. रबरी बाहुली आणि कापडाच्या घड्या यांवर सराव होतो. ज्याला नको वाटेल त्याच्यावर सक्ती नाही. मात्र मुले घाबरतात ती काय करावे हे न कळल्यामुळे, असा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. दुसरी शंका, "मदत करायला जाऊन पोलिसांचा ससेमिरा मागे लागला तर?" याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी आदेश दिला आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली. रस्ते अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याबद्दल जबाबदार धरता येत नाही. त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतील प्रत्येकाजवळ पहिल्या क्षणी कोणीतरी उभे असणारच. ते कोणी आपलाच विद्यार्थी असू शकतो.

आमचा प्रस्ताव असा आहे. आठवीपासून पुढे प्रत्येक वर्गाला वर्षातून दोन तास. सर्व शिक्षक, कर्मचारी आणि बसचालक यांना आधी प्रशिक्षण. प्रत्येक मजल्यावर एक पेटी, तीत निर्जंतुक कापड, रुंद पट्टा आणि हातमोजे. सरावासाठी दोन बाहुल्या. खर्चाचा तपशील बैठकीत मांडू. स्नेहसंमेलनाच्या मंडपातून काही कपात करावी लागली तरी ती करावी, असे आमचे नम्र मत आहे. पतंगाच्या मांजाने गळा चिरल्याच्या बातम्या आपण दर संक्रांतीला वाचतो, तेव्हा सुरुवात त्याआधी झाली तर बरे.

प्रशिक्षण डॉक्टर मंडळीच देतील. पण दाब कसा धरावा, हा पहिला तास मामांनी घ्यावा, अशी विनंती आम्ही त्यांना केली. "मला कुठं शिकवता येतं?" असे म्हणून ते संकोचले. मग थोड्या वेळाने कार्यालयात परत आले आणि विचारू लागले, "पंचे घरून आणू, की शाळा देईल?"

शाळा देईल, असे आम्ही त्यांना सांगून बसलो आहोत. आता तो शब्द राखणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.