माणूस की पक्ष? कागलचं उदाहरण

अमेरिकेत 1956 साली आयझेनहॉवर मोठ्या फरकाने पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्याच मतदानात संसदेची दोन्ही सभागृहं विरोधी डेमोक्रॅट पक्षाकडे राहिली. दुसऱ्या महायुद्धातला सेनापती. त्याला मत देताना अनेकांनी पक्ष पाहिलाच नाही.

कोल्हापूरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. 2009 मध्ये राष्ट्रवादीने सदाशिवराव मंडलिकांना लोकसभेचं तिकीट नाकारलं आणि संभाजीराजेंना दिलं. समोर थेट छत्रपती घराणं! म्हातारे मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि 40 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

पण मला बोलायचंय ते त्यांच्याच तालमीत वाढलेल्या हसन मुश्रीफांबद्दल. कागल मतदारसंघात आपली मतं थोडी. तरी 1999 पासून 2024 पर्यंत सलग 6 वेळा तिथून मुश्रीफच. 2014 च्या मोदी लाटेतही. शेवटच्या दोन्ही वेळा विरोधात कागलच्या राजघराण्यातले समरजितसिंह घाटगे होते. कागलमध्ये कारण विचारा, कुणी म्हातारी निराधार पेन्शनचं सांगेल, कुणी मुंबईत झालेल्या ऑपरेशनचं. नाव हसन आहे, हे त्यात कुठे येतच नाही. ‘सर, आपल्यातला कुणी निवडून येतो का?’ असं पोरं विचारतात, तेव्हा मी छाती काढून कागलचं नाव घेतो.

अलीकडे मात्र थोडं अडखळतो. जुलै 2023 मध्ये मुश्रीफ अजित पवारांबरोबर भाजपच्या सरकारात मंत्री झाले. 14 जुलै 2024 ला विशाळगडाच्या वाटेवर गजापुरात मुसलमानांची घरं आणि मशीद फोडली गेली, तेव्हा जिल्ह्याचे पालकमंत्री तेच होते. नोव्हेंबरात कागलने त्यांना पुन्हा निवडून दिलं. पेन्शन खरी, ऑपरेशनही खरं. पण चांगल्या माणसाला दिलेलं मत शेवटी त्याच्या बाकावरच्या सगळ्यांच्याच कामी येतं, आणि त्यात आपल्याला नको असलेलेही असतात.

यंदा नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलीने विचारलं, ‘सर, गजापूरची माणसं कागलात राहत असती, तर त्यांनी कुणाला मत दिलं असतं?’ वर्गात दोन तट पडले. घंटा झाली तरी पोरं भांडतच होती.