वळण्याआधी सांगावं

जुन्या मॉरिस मायनरच्या अंगात दोन हात लपलेले असतात, डाव्या-उजव्या दारांमागच्या खांबांत. खटका फिरवला की आतलं विद्युतचुंबक दांडी ओढतं, खट् असा आवाज येतो आणि वर्गात उत्तर येणाऱ्या पोरानं हात वर करावा तशी एक केशरी पट्टी बाहेर येऊन आडवी उभी राहते. तिच्या पोटात जेमतेम ३ वॅटचा बल्ब उजळतो. वळण संपलं, खटका जागेवर आणला, की पट्टी स्वतःच्याच वजनानं खाली येते आणि खांबात मिटून जाते. गाडी वळतेय हे जगाला सांगण्याची इतकी सभ्य रीत मी दुसरी पाहिलेली नाही.

आमची मॉरिस १९५३ची. तिचे हे हात आजही चालतात. बिजागरीत धूळ बसली की उजवा अर्ध्यावर अडतो, पावसाळ्यात जरा रुसतो. पण शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब त्याला पुरतो.

अडचण हातांची नाही, रस्त्याची आहे. रविवारी सकाळी कर्वे रस्त्यावर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याची नजर गाडीच्या पाठीवर असते. तिथं काही लुकलुकत नाही, म्हणजे गाडी सरळ जाणार, असं तो धरून चालतो. खांबातून निघालेली पट्टी त्याला दिसली तरी उन्हात तिचा उजेड कळत नाही, आणि ती काय म्हणतेय हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. त्यात त्याचा काय दोष?

खिडकीतून हात काढणंही आता पुरत नाही. उजवीकडे वळताना उजवा हात सरळ बाहेर धरायचा, डावीकडे वळताना तोच हात घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवायचा, हे आपल्या रहदारीच्या नियमांत होतं. ट्रकच्या डाव्या खिडकीतून किन्नर हात हलवायचा, दारावर थाप मारायचा, तीही एक भाषाच होती. ती बोलणारे गेले आणि समजणारेही गेले.

म्हणून मॉरिसला इंडिकेटर बसवायचं ठरवलं. जुन्या गाड्यांच्या जाणकारांत यावर लगेच नाक मुरडलं जातं. गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यामागची माया मी जाणतो; चुकीचा आरसा किंवा चकचकीत नवं सीट कव्हर मलाही बोचतं. पण मूळ रूप म्हणजे नेमकं कोणतं? या गाडीचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यानं तिचा नमुना तयार झाल्यावर ती अरुंद वाटते म्हणून मधोमध कापायला लावली, दोन्ही भाग सरकवून पाहिले आणि ४ इंच रुंदी वाढवली. तोवर जुन्या मापाचे बंपर बनून पडले होते. तेही कापले आणि मध्ये तुकडा जोडला. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आलेली गाडी अशी जोड घेऊनच जन्मली. पुढे १९६१ साली खुद्द कारखान्यानंच खांबातले हात काढून लुकलुकणारे दिवे दिले. घडवणाऱ्यालाच जे पटलं, ते तिच्या थोरल्या बहिणीला देण्यात कसला आला बाट?

आणि वळण्याआधी सांगण्याची ही इच्छा जवळपास मोटारीइतकीच जुनी आहे. मूकपटांची नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिनं १९१४च्या सुमारास आपल्या गाडीच्या मागे, बटण दाबलं की वर येणारा हात बसवला होता. पेटंट तिनं घेतलं नाही. १९३९च्या ब्यूक गाड्यांत लुकलुकणारे दिवे कारखान्यातूनच आले.

वायरिंग करणारे काका जुन्या पिढीतले. बॉनेट उघडून त्यांनी बॅटरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हिचं अर्थिंग उलटं आहे."

"हो काका, प्लस बॉडीला आहे."

"मग एलईडी नको. साधा बल्ब लावू. त्याला प्लस-मायनसचं काही नसतं."

त्यांचं खरं होतं. पुढे एक, मागे एक असे २१ वॅटचे दोन बल्ब एका बाजूला. १२ व्होल्टच्या गाडीत साडेतीन अँपिअर झाले. जुन्या खटक्यावर हा भार नको म्हणून मध्ये रिले घातले आणि वेगळा फ्यूज दिला. फ्लॅशर मात्र जुन्या जातीचा, गोल डबीतला. त्यातला धातूचा भाग विजेनं तापतो, जोड तुटते. निवतो, जोड पुन्हा जुळते. ती टिकटिक म्हणजे तापण्या-निवण्याचा आवाज. एक बल्ब गेला की वीज कमी वाहते आणि ताल बिघडतो, म्हणजे चालवणाऱ्याला खाली न उतरता कळतं.

पत्र्याला एकही भोक पाडायचं नाही, ही माझी अट होती. दिवे पट्टीवर बसवले आणि पट्टी बंपरच्याच बोल्टांत अडकवली. तिथं रंग आणि गंज, अर्थ नीट मिळणार नाही, म्हणून काकांनी प्रत्येक दिव्याला अर्थची स्वतंत्र तार ओढली. सुती वेष्टणाची, जुन्या तारांच्या जुडग्याला बांधत नेलेली. पाने घेऊन बसलं तर तासाभरात सगळं उतरेल आणि गाडी होती तशी होईल.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ साली नियम केले. त्यातही सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा यावर भर आहे. बंपरला टांगलेले चार दिवे त्याच्या आड येत नाहीत.

आता खटका फिरवला की हातही बाहेर येतो आणि दिवाही लुकलुकतो. मागचा दुचाकीवाला वेग कमी करतो.

ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी आहे त्यांना माझी विनंती एवढीच: इंडिकेटर जरूर बसवा, पत्रा भोसकू नका, मूळचे हात काढून भंगारात देऊ नका, आणि कुठली तार कुठून कुठे गेली त्याचा कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवा. गाडी तुमच्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याला तो लागेल.