सहातले चार आणि एक खार

स्पर्धेतलं पोकेमॉन खेळायला लागलेला प्रत्येक नवखा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, "सगळ्यात भारी सहा कोण?" आणि उत्तर ऐकून त्याची हमखास निराशा होते. भारी पोकेमॉन ढिगाने आहेत, पण त्यातले वरचे सहा उचलून आणले की टीम झाली, असं होत नाही. ते का होत नाही, एवढंच आज सांगायचंय. गेले काही शनिवार-रविवार ह्याच विचारात गेलेत, आणि घरच्यांच्या मते ह्या वयात डोक्यात ठेवायला ह्याहून चांगले विषय आहेत. असो.

ज्यांचा पोकेमॉनशी संबंध शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टीव्हीवर हिंदीत बघितलेल्या अ‍ॅश-पिकाचूपुरताच आहे, त्यांच्यासाठी आधी थोडे नियम. मोठ्या अधिकृत स्पर्धांमध्ये सामना दोघं विरुद्ध दोघं असा होतो. प्रत्येकाने सहा पोकेमॉन आणायचे. सामना सुरू होण्याआधी दोन्ही खेळाडूंना एकमेकांचे सहाच्या सहा दिसतात. मग आपल्या सहातले चार निवडायचे, दोन मैदानात, दोन मागे. उरलेले दोघं त्या सामन्यापुरते पाणी द्यायला. प्रत्येकाकडे चारच मूव्ह, सगळे लेव्हल 50 वर. टाइप एकूण 18 आहेत : आग, पाणी, वीज, बर्फ, ड्रॅगन वगैरे. कुठला टाइप कुणाला दुप्पट लागतो, कुणाला अर्धा, कुणाला अजिबात लागत नाही, ह्याचा पाढा पाठ करावा लागतो. एका पोकेमॉनला दोन टाइप असतील तर गुणाकार होतो. म्हणजे दुप्पट गुणिले दुप्पट, चौपट. हे 'चौपट' नीट लक्षात ठेवा, टीम चौपट व्हायला तेच कारणीभूत ठरतं.

आता नवख्याची टीम. प्रत्येक पोकेमॉनच्या मूळ ताकदीची एक बेरीज असते, तिला बेस स्टॅट टोटल म्हणतात. गारचॉम्पची 600, सॅलमेन्सची 600, ड्रॅगनाइटची 600. दिसायलाही तिघं एकदम रुबाबदार. नवखा माणूस तिघांनाही घेतो आणि स्वतःवर खूश होतो. प्रश्न एवढाच की गारचॉम्प आहे ड्रॅगन आणि जमीन, बाकीचे दोघं ड्रॅगन आणि उडणारे, आणि ड्रॅगन, जमीन, उडणारा ह्या तिन्हींना बर्फ दुप्पट लागतो. म्हणजे तिघंही बर्फाला चौपट कच्चे. समोरच्याने ब्लिझर्ड मारला, जो एका फटक्यात मैदानातल्या दोघांनाही लागतो, की 1200 ची बेरीज एका चालीत आडवी. आपल्याकडे ह्याला सगळी अंडी एका टोपलीत म्हणतात. इथे तर अंडीही एकाच कोंबडीची.

हे एकदा भोगलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. एक आगीचा, एक पाण्याचा, एक गवताचा, एक विजेचा... सर्वपक्षीय मंत्रिमंडळ. कागदावर फार छान दिसतं. पण मैदानात एका वेळी दोनच असतात. आगवाला आणि गवतवाला शेजारी उभे असताना पाणीवाला मागे बसून त्यांच्या काय कामाचा? सहा जणांच्या यादीत सगळं असणं वेगळं, आणि ज्या क्षणी फटका येतोय त्या क्षणी शेजारी योग्य माणूस असणं वेगळं. बॅलन्स म्हणतात तो ह्या दुसऱ्या गोष्टीला.

ह्याचं माझ्या मते सगळ्यात सुंदर उदाहरण 2014 सालचं आहे. त्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन डीसीत पोकेमॉनची जागतिक स्पर्धा झाली. तो सगळा मोसम मेगा कांगास्खानने गाजवलेला. ही बाई पोटाच्या पिशवीतल्या पिल्लासकट लढते, त्यामुळे तेव्हाच्या नियमात तिचे बहुतेक हल्ले दोनदा बसायचे : एकदा आईचा, मग अर्ध्या ताकदीने पिल्लाचा. ज्याच्या-त्याच्या टीममध्ये ती होती आणि नव्हती त्यांचा निम्मा वेळ तिला कसं थांबवायचं ह्यात जात होता. अशा वर्षी दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क आला, त्याच्या टीममध्ये गॅराडॉस, गारचॉम्प, टॅलनफ्लेम, गार्डेव्हॉर, गॉथिटेल... आणि सहावा पचिरीसू.

पचिरीसू म्हणजे विजेची खार. पांढरी-निळी, गोड, झुबकेदार शेपटी. मूळ ताकदीची बेरीज 405. गारचॉम्पपेक्षा 195 ने कमी. हल्ल्याचा आकडा 45. पचिरीसूला जागतिक स्पर्धेत आणणं म्हणजे वानखेडेवर फायनलला गल्लीतल्या बंड्याला पॅड बांधून पाठवण्यासारखं. पार्कने आणलं, आणि तो जगज्जेता झाला.

खार गोड आहे म्हणून ती टीममध्ये नव्हती. गॅराडॉस बघा. पाणी आणि उडणारा. दोघांनाही वीज दुप्पट लागते, म्हणजे गॅराडॉसला चौपट. त्या वर्षी रोटम, झॅपडॉस असे विजेवाले बऱ्याच टीममध्ये होते, म्हणजे गॅराडॉस मैदानात उतरला की समोरच्याला काय करायचं हे विचारावंही लागत नव्हतं. आता त्याच्या शेजारी पचिरीसू उभी करा. तिच्याकडे फॉलो मी नावाची मूव्ह आहे. ती केली की त्या चालीत शत्रूचे एकाला नेम धरून मारलेले हल्ले तिच्याकडे वळतात. आणि तिची एबिलिटी आहे व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब : वीज लागली तर जखम सोडाच, उलट पाव एचपी भरून निघतो. म्हणजे गॅराडॉसच्या जिवावर उठलेला हल्ला खारीच्या पोटात जाऊन तिचा नाश्ता होतो. तेवढ्यात गॅराडॉसला एक चाल मोकळी मिळते. त्या एका चालीत तो ड्रॅगन डान्स करू शकतो, त्याची ताकद आणि वेग दोन्ही दीडपट होतात, आणि मग समोरच्याला रडायलाही वेळ राहत नाही.

क्रिकेटवाल्यांना हे लगेच कळेल. संध्याकाळी उजेड कमी झालाय, चेंडू नवा आहे, विकेट पडली. चांगल्या बॅट्समनला आत्ता पाठवायचं नाही, नाइट वॉचमन पाठवायचा. त्याच्याकडून शतकाची अपेक्षा नसते. ती पंधरा मिनिटं चेंडू अंगावर घेणं हेच त्याचं काम. फरक एवढाच की ही खार ते काम दर सामन्यात, दिवसाढवळ्या करत होती.

बरं, मार खाण्यापलीकडेही तिचा उपयोग होता. तिच्याकडे सुपर फँग होती. ही मूव्ह समोरच्याचा शिल्लक एचपी थेट निम्मा करते. मारणाऱ्याचा हल्ला 45 असो की 145, निम्मा म्हणजे निम्मा. समोर कांगास्खान असली तरी निम्मी. उरलेलं काम करायला टॅलनफ्लेम. त्या काळच्या नियमांत त्याच्या उडत्या हल्ल्यांना नेहमीच आधी नंबर मिळायचा (2016 पासून ती सवलत पूर्ण एचपी असतानाच मिळायला लागली). म्हणजे खार निम्मं करणार, टॅलनफ्लेम उरलेलं आटोपणार. वर नझल नावाचा एक फुसका हल्ला, ज्याने इजा नावापुरतीच होते पण समोरच्याला हमखास लकवा मारतो. तेव्हाच्या नियमात लकव्याने वेग एकदम पाववर यायचा. तिच्या ह्या दोन्ही हल्ल्यांना खरं काम करायला स्वतःची ताकद लागतच नाही. कमजोर पोकेमॉनला कमजोरी आड येणार नाही अशी कामं शोधून दिली होती, इतकंच.

आणि मग बजेट. प्रत्येक पोकेमॉनला सरावातून मिळणारे जास्तीचे गुण असतात, एकूण 510, एका रकान्यात जास्तीत जास्त 252. लेव्हल 50 ला हे 252 ओतून हाती काय लागतं तर 32. बरेचजण डोळे मिटून वेग आणि हल्ला ह्यांत सगळं टाकतात. पार्कने खारीचे गुण एचपी आणि बचावात घातले होते. तिचा एचपी त्यामुळे 135 चा 167 होतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एका फटक्यात पडणं आणि एक फटका झेलून उभं राहणं ह्यातलं अंतर बहुतेक वेळा ह्या 32 मध्येच असतं. एक फटका जास्त झेलला म्हणजे शेजाऱ्याला आणखी एक चाल. पुढचा सगळा खेळ त्या एका चालीवर.

आता कोणी म्हणेल, मग आपणही घेऊ पचिरीसू! जरूर घ्या, आणि हरा. खार वजा गॅराडॉस म्हणजे नुसती खार. तिचं मोल तिच्यात कमी आणि तिच्या शेजाऱ्याच्या दुखण्यात जास्त आहे. शिवाय फॉलो मीला मर्यादा आहेत. रॉक स्लाइडसारखा दोघांनाही एकदम लागणारा हल्ला आला तर तो ती अडवू शकत नाही, आणि टॅलनफ्लेमला दगड चौपट लागतो. तिथे मग गारचॉम्प. तो जमिनीचा, त्याला दगड निम्माच लागतो. गारचॉम्पने भूकंप केला तर तो शेजाऱ्यालाही बसतो, पण शेजारी टॅलनफ्लेम असेल तर तो हवेत, त्याला काही होत नाही. तेच शेजारी खार असेल तर भूकंप करायच्या आधी चार वेळा विचार. ड्रॅगनचे हल्ले गार्डेव्हॉरला लागतच नाहीत, कारण ती फेअरी. गॉथिटेलची शॅडो टॅग ही एबिलिटी समोरच्याला खेळाडू बदलूच देत नाही, मैदानात सापडला तो सापडला. असं एकेकाचं दुखणं आणि एकेकाचं औषध जुळवत बसायचं. सहा जण म्हणजे पंधरा जोड्या. मी टीम करतो तेव्हा वहीत सहा नावं लिहून थांबत नाही, ह्या पंधरा जोड्या लिहितो आणि प्रत्येकीसमोर एकच प्रश्न : ह्याच्यावर काय येणार, आणि ते दुसरा घेणार का? ज्या जोडीपुढे उत्तर नाही ती मैदानात उतरवायची नाही. आणि ज्या पोकेमॉनच्या पाचही जोड्यांपुढे रेघ आली त्याने घरी जावं, 600 असला तरी.

हे सगळं लिहायचं खरं कारण आता सांगतो. सामना संपल्यावर त्याचा लॉग वाचला तर त्यात काय दिसतं? गॅराडॉसने ह्याला पाडलं, टॅलनफ्लेमने त्याला पाडलं. पचिरीसूच्या नावावर काय? फॉलो मी, फॉलो मी, प्रोटेक्ट, आणि शेवटी पचिरीसू पडली. नुसता लॉग वाचून मार्क द्यायचे तर ती टीममधली सगळ्यात निकामी मेंबर. गॅराडॉसला न लागलेली वीज लॉगमध्ये कुठेच छापून येत नाही.

आधीच्या एका कंपनीत आमच्याकडे एक टेस्टर होती. रिलीजच्या आठवड्यात क्लायंटचा चढा आवाज आला की कॉलवर ती बसायची. "मी बघते, तुम्ही कोड करा." तासन् तास शांतपणे ऐकून घ्यायची, त्यातून खरे दोन मुद्दे काढून आमच्यासमोर ठेवायची. आम्ही चौघं डेव्हलपर हेडफोन लावून काम करायचो आणि वेळेत रिलीज करून पाठ थोपटून घ्यायचो. अप्रेझलला आकडे काढले गेले : कोणी किती बग शोधले, कोणी किती तिकिटं बंद केली. बेल कर्व्हमध्ये कोणाला तरी खाली टाकायचंच होतं, तिला टाकलं. तीन महिन्यांत तिने पेपर टाकले. त्यानंतरच्या रिलीजला ते सगळे कॉल आमच्यावर आले आणि काम पहिल्यांदा दोन आठवडे लांबलं. ह्याची बैठक झाली. बैठकीत कारण म्हणून लिहिलं गेलं : 'डेव्हलपमेंटचा वेग कमी'. कोणाचं नाव काढायचं राहिलंय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सध्याच्या ऑफिसात ह्या आठवड्यात सहकाऱ्यांबद्दल मत द्यायचा फॉर्म आलाय. 'ह्या व्यक्तीने काय साध्य केलं?' असा रकाना आहे. सोमवारी भरून द्यायचाय. मी त्यात आमच्या सपोर्टवाल्या दादाबद्दल लिहिणार आहे, पण त्याने काय साध्य केलं त्याची यादी देणार नाही. मार्च महिन्यात तीन रात्री सर्व्हर बसला, तो त्याने एकट्याने सावरला, आणि त्या तीन सकाळी आमच्यापैकी कोण कोण ताजंतवानं येऊन कुठलं काम पूर्ण करू शकलं, ते नावांनिशी आणि तारखांनिशी लिहिणार आहे. रकान्यात अक्षरं मावणार नाहीत कदाचित. मग वेगळी मेल करीन.

बाकी माझी सध्याची टीम पंधरातल्या अकरा जोड्यांवर अडकलीय. उरलेल्या चारांसाठी अजून एक खार शोधतोय.