न दिसणारी दोरी

जे जे म्हणून मनुष्याने आपल्या इच्छेप्रमाणे चालविले, त्याला त्याने बहुधा दोरी बांधली. बैलाला वेसण आली आणि तिच्यामागून कासरा आला. घोड्याला लगाम आला. शिडाच्या नावेत नावाड्याचे हात दोरांवरच असतात. पतंग तर आकाशात जाऊनही मांजाने मुलाच्या बोटाशी बांधलेला राहतो. दोरीचे मोठे सुख असे की, तिच्यातून आपली आज्ञा जाते आणि उत्तरही येते. बैलाने मान झटकली की कासऱ्याला हिसका बसतो; पतंगाला वारा लागला की मांजा बोटाला काचतो. हाकणारा आणि हाकला जाणारा यांच्यामध्ये असे संभाषण अखंड चालू असते.

परंतु ही दोरीच नाहीशी झाली तर? गेल्या वर्षी माझ्या नातवाच्या छंदामुळे या प्रश्नाचा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली.

आमचे रांजणगाव अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. अलीकडे औद्योगिक वसाहतीमुळेही त्याचे नाव कानी पडते. शिरूर तालुक्याचा हा भाग कमी पावसाचा. रब्बीची ज्वारी काढून झाली की रान मोकळे होते. धसकटांवर ऊन तापू लागते आणि वर चढणाऱ्या उष्ण हवेवर घारी पंख न हालविता घिरट्या घालू लागतात. त्या घारी पाहूनच नातवाला ग्लायडर करण्याचा नाद लागला. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणून त्याने हिवाळाभर काम केले. दोन मीटर लांबीचे पंख, जेमतेम एक किलो वजन, आणि इंजिन मुळीच नाही, असे ते विमान दहावीची परीक्षा आटोपताच त्याने पूर्ण केले. जूनमध्ये तो पुढील शिक्षणासाठी पुण्यास जावयाचा होता. तत्पूर्वी ते उडालेले पाहावे, अशी त्याची फार इच्छा होती.

ग्लायडर मला अगदीच अपरिचित नव्हते. पुणे विद्यापीठात एम. ए. चा अभ्यास करीत असताना मी हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राजवळ कितीदा तरी उभा राहिलो आहे. दोर गुंडाळणारे यंत्र ते विमान झपाट्याने वर खेची. पुरेशी उंची आली की वैमानिक दोर सोडून देई आणि मग ते निःशब्दपणे आकाशात तरंगू लागे. पण त्यात निदान माणूस बसलेला असे. नातवाच्या विमानात माणूस नाही, आणि माणसापर्यंत पोहोचणारी दोरीही नाही. त्याच्या हातात दोन लहान दांडे असलेला एक ट्रान्समीटर, एवढाच काय तो लगाम.

या न दिसणाऱ्या दोरीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात विद्युत्‌लहरींच्या योगे, मध्ये तार नसताना, दूरची घंटा वाजवून दाखविली. पुढे तीनच वर्षांनी, १८९८ मध्ये, निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे अशाच लहरींनी एक छोटी नौका पाण्यावर चालविली. आजच्या ट्रान्समीटरमधून निघणाऱ्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने करतात. विमानातील रिसीव्हर त्या झेलतो आणि सर्व्हो नावाच्या चिमुकल्या यंत्रांना इशारे देतो. इशारा एक सहस्रांश सेकंदाचा असला तर सर्व्होचा हात एका टोकाला जातो, दोन सहस्रांशांचा असला तर दुसऱ्या टोकाला, आणि दीड सहस्रांशाचा असला तर मधोमध थांबतो. असे इशारे सेकंदाला साधारण पन्नास वेळा जातात. ज्या हाताला एवढा बारीक भेद कळतो, त्याला पोकळ आज्ञा देऊन चालत नाही. विद्यार्थ्याला ‘जरा नीट बैस’ म्हटले की तो त्यातील ‘जरा’ आणि ‘नीट’ या दोहोंचा अर्थ आपणच ठरवितो. यंत्राला तो अंकांतच सांगावा लागतो.

ही अंकांची आज्ञावली ट्रान्समीटरच्या लहानशा पडद्यावर भरावयाची होती. विमानाच्या प्रत्येक पंखाला मागील कडेस बिजागरीवर हलणारी दोन पाती होती. बाहेरच्या पात्याला एलेरॉन म्हणतात व आतल्याला फ्लॅप. शेपटीवर नाक वर-खाली करणारे एक पाते, आणि डावी-उजवीकडे वळणारे सुकाणू. नातू विमानाच्या मागे बसला व मी त्याच्या सांगण्यावरून वहीत आकडे टिपू लागलो. दांडा उजवीकडे लोटला की उजवा एलेरॉन वर उठला पाहिजे आणि डावा खाली गेला पाहिजे. हे उलट झाले तर विमान पहिल्याच वळणात जमिनीवर यावयाचे. म्हणून ही परीक्षा त्याने तीनदा केली.

मला वाटले, आता दोन्ही एलेरॉन सारखेच हलविले की झाले. तेव्हा नातवाने एक मौजेची गोष्ट सांगितली. खाली गेलेले पाते आपल्या बाजूचा पंख उचलते खरे, पण हवेला अडविते अधिक. त्यामुळे विमान उजवीकडे कलत असते आणि त्याचे नाक मात्र डावीकडे ओढले जाते. यावर उपाय असा की, वर जाणारे पाते बारा मिलिमीटर जाऊ द्यावे व खाली जाणारे सहाच. शिवाय सुकाणूही त्याच क्षणी थोडे वळावे. अशा रीतीने एका दांड्याच्या हालचालीत तीन पात्यांची कामे गुंफलेली असतात. राइट बंधूंनाही हीच अडचण आली होती. १९०२ साली किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकडीवर ग्लायडर उडविताना त्यांनी सुकाणू हलते केले व त्याच्या तारा पंख पिळणाऱ्या तारांना जोडून टाकल्या. तेथे जे तारांनी साधले, ते येथे आकड्यांनी साधावयाचे.

सर्वांत अधिक वेळ उतरण्याच्या तयारीला लागला. इंजिन नसलेल्या विमानाला पुन्हा एक फेरी मारून येण्याची सोय नसते. उतरण्याची संधी एकच. त्यासाठी दोन्ही एलेरॉन वर उचलावयाचे आणि दोन्ही फ्लॅप पुष्कळसे खाली सोडावयाचे. हवा अडते, वेग मरतो, आणि विमान सावकाश खाली येते. पंखांच्या या ठेवणीला इंग्रजीत कावळ्याचे नाव दिलेले आहे. मात्र तसे करताच नाक वर उठू पाहते, म्हणून शेपटीच्या पात्याने ते त्याच वेळी दाबून धरावे लागते. हा दाब प्रथम दहा टक्के ठेवून पाहावा व पुढे उंचावर अनुभव घेऊन बदलावा, असे ठरले.

शेवटी एक रकाना उरला. लहरींचा संबंध तुटला तर विमानाने काय करावे, हे तेथे आधीच लिहून ठेवावयाचे असते. पर्याय दोन होते. शेवटची आज्ञा तशीच धरून ठेवावी, किंवा पाती एका ठरलेल्या जागी न्यावीत.

“आजोबा, शेवटचीच आज्ञा धरू द्यावी का? निदान ते उडत तरी राहील.” नातवाने विचारले.

“शेवटची आज्ञा कोणती असेल, हे तुला आज ठाऊक आहे का रे?”

“नाही. वळणाची असेल, नाहीतर सूर मारण्याचीही असेल.”

“मग तिच्यावर त्याला कसे सोपवायचे?”

तो बराच वेळ गप्प राहिला. पलीकडे पुणे–अहिल्यानगर महामार्गावर वाहनांची रीघ लागलेली होती. एक किलोची वस्तू वेगाने तिकडे गेली तर काय होईल, हे आम्हा दोघांनाही समजत होते. मग त्याने लिहिले : संबंध तुटताच पंख अर्धे कावळ्याच्या ठेवणीत, सुकाणू किंचित डावीकडे. म्हणजे विमान घिरट्या घालीत, सावकाश, जवळच उतरेल. कदाचित मोडेल, पण कोणाला इजा करणार नाही. आपण हिवाळाभर खपून केलेल्या वस्तूविषयी असा निर्णय लिहिताना त्या मुलाचा हात क्षणभर थांबला होता, हे मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावापासून, विजेच्या तारांपासून व रस्त्यापासून दूर असलेल्या रानात गेलो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अशी नमुन्याची विमाने नजरेच्या टप्प्यातच उडवावी लागतात. त्यासाठी जागाही आधी नकाशावर पाहून ठेवली होती. मी विमान हातात धरले आणि नातवाने ट्रान्समीटर मुद्दाम बंद केला. क्षणभर काहीच झाले नाही. मग कोणाचाही हात न लागता बाहेरची पाती वर उठली, आतली खाली झुकली, सुकाणू डावीकडे वळले. माझ्या हातातील त्या निर्जीव वस्तूला काल शिकविलेले आज आठवले होते!

नंतर त्याने ट्रान्समीटर पुन्हा सुरू केला आणि पाती जागेवर आल्याची खात्री करून घेतली. खुंटीला बांधलेला रबरी दोर ताणून विमान वाऱ्याच्या तोंडाला सोडले. शंभरएक फूट उंचीवर दोराची कडी सुटून खाली पडली. येथून पुढे दोरी नव्हती. नातवाने उंचावरच कावळ्याची ठेवण लावून पाहिली; नाक थोडे उठले. त्याने पडद्यावर दहाचे चौदा केले. पुन्हा लावून पाहिली. नाक सरळ राहिले. मग काही क्षण त्याने दोन्ही दांड्यांवरून बोटे उचलून घेतली. विमान आपल्या समतोलावर सरळ चालले होते. त्याला त्या वेळी काही सांगण्याची आवश्यकताच नव्हती. सहा-सात मिनिटांनी ते धसकटांच्या कडेला, मऊ मातीत, आवाज न करता टेकले.

मी चौतीस वर्षे मुलांना शिकविले. शिक्षकाचा आवाज वर्गाच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. फार तर मैदानापर्यंत. त्यापलीकडे मुलाचे सारे आयुष्य असते. तेथे आपण शेवटी काय बोललो, एवढेच त्याने धरून ठेवावे, हे पुरेसे नाही. आपला शब्द ऐकू येणार नाही तेव्हा सावध कसे राहावे, आणि स्वतःची हानी झाली तरी दुसऱ्याला इजा कशी होऊ देऊ नये, हे त्याच्या ठायी आधीच रुजलेले असावे लागते. आणि ते एका दिवसात रुजत नाही.

जूनमध्ये नातू पुण्यास निघाला. घरातील प्रत्येकाने त्याला काही ना काही बजावले. त्याने मला नमस्कार केला, तेव्हा त्याच्या पाठीवर मी हात ठेवला. बजावण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते.