किती डबे?

जून २०२२ मध्ये माझ्याकडे १,४०,००० रुपये होते. ८५,००० मुंबईच्या नोकरीतल्या पीएफचे, ४०,००० बायकोचा हार गहाण ठेवून घेतलेले आणि १५,००० बाबांनी ट्रंकेतून काढून दिलेले. त्या नोटांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. एवढ्यात होडी आणि मशीन दोन्ही बसवायचं मी ठरवलं होतं. बाबांनी सगळा हिशेब ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "आणि जाळी?"

जाळ्यांचं नंतर बघू, म्हटलं.

आम्ही तळाशीलचे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. बाबांचा जन्म रापणीत गेला. किनाऱ्यावरून दोर ओढायचा आणि वाटणीला येईल ते घरी आणायचं. हल्ली रापणीला माणसं जमत नाहीत आणि माणसं जमली तर मासळी जमत नाही. मी अकरा वर्षं कुर्ल्याला पॅकिंगच्या कारखान्यात काढली, २०२० मध्ये परतलो आणि दोन वर्षं दुसऱ्याच्या होडीवर जात होतो. तिथे संध्याकाळी वाटे पडताना बघितले. होडीचा वाटा, मशीनचा वाटा, जाळ्यांचा वाटा, माणसांचे त्यानंतर. होडी घ्यायचं वेड तिथेच लागलं.

जुनी होडी घ्यायची ती बंदीच्या दिवसांत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या, पोरांच्या शाळा सुरू झालेल्या आणि घरात रोकड नाही. ज्याला विकायचीच आहे तो या दिवसांत भावाला खाली येतो. खोट आहे ती अशी, की समुद्रात घालून दाखव असं म्हणायची सोय नसते. फार तर खाडीत एक फेरी. बैल घ्यायचा, पण दात बघून. नांगराला जुंपून नव्हे.

मामाला बरोबर घेतलं. मामाची सगळी हत्यारं म्हणजे खिशातलं दहाचं नाणं. फायबरच्या होडीच्या अंगावर तो ते वीतभर अंतराने ठोकत जायचा. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो. आतले थर सुटले असतील किंवा मधल्या लाकडात पाणी शिरलं असेल तर आवाज बसतो, ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा.

पहिली होडी लाकडी होती, ४५,००० ची. तिच्या फळ्यांमधून पलीकडचा कुत्रा दिसत होता. तिथे नाणं खिशातून बाहेरही आलं नाही.

दुसरी देवगडच्या बाजूला. निळी, झळझळीत, नाळेवर ताजी फुलं काढलेली, मशीनसकट १,३०,०००. मला ती बघताक्षणी आवडली. मामा मात्र होडीकडे न जाता आधी मशीनकडे गेला आणि टोपणावर हात ठेवून उभा राहिला. मालक हौसेने म्हणाला, "एका दोरीत सुरू होता." मामा म्हणाला, "होतला मां. गरम आसा." आम्ही पोहोचायच्या आधीच त्यांनी ते पिंपात बुडवून चालवून ठेवलं होतं. थंड मशीनला किती दोऱ्या लागतात ते आम्हाला दिसू नये म्हणून. मग नाणं निघालं. उजव्या कुशीला टण, टण आणि अचानक थप. हातभर पट्टा तसाच. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या किनाऱ्यावर होड्या एकमेकींवर आपटल्या होत्या. त्यातल्या कित्येक नंतर ठिगळं लावून उभ्या राहिल्या. यात गैर काही नाही, आमच्या आळीतही अशा दोन आहेत. पण त्याने ते सांगितलं नाही, रंगवलं. परत येताना मामा म्हणाला, "जूनात कोणी होडी रंगवता काय रे?" खरंच, रंग द्यायचा तो हंगामाच्या तोंडावर, जुलै संपता संपता. पाऊस डोक्यावर असताना रंगवलेली होडी गिऱ्हाइकासाठी नटलेली असते.

तिसरी घेतली. चोवीस फुटी फायबर, रंग उडालेली, मशीन नसलेली. मालक म्हातारा होता, मुलगा गोव्याला नोकरीत, होडी ढकलायला घरात कोणी नाही. विकण्याचं कारण समोर दिसत होतं, आणि जुन्या मालात मला हे किमतीहून महत्त्वाचं वाटतं. त्याने कागद आपणहून काढून ठेवले. नोंदणीचा दाखला, परवाना आणि सोसायटीचं देणं फेडल्याची चिठ्ठी. होडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो होडीबरोबर तुमच्या दारात येतो, म्हणून ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. मशीन बसते ती मागची फळी नाण्याखाली थपथपली, ते म्हाताऱ्याने आधीच सांगून टाकलं, "ती फळी गेली हा." ८०,००० वरून सौदा ७२,००० वर आला.

मामा म्हणाला, "पालथी घालून बगूक व्हयी." पालथी घालायला आठ माणसं लागतात. पाऊस कोसळत होता, आम्ही दोघं, म्हातारा आणि चहा घेऊन आलेली त्याची सून. शिवाय त्याच संध्याकाळी आणखी कोणी बघायला येणार आहे असं कानावर आलं होतं. मी पैसे मोजले. मामा काही बोलला नाही, चहा संपवला.

मशीन वेगळं घेतलं, टू-स्ट्रोक, ९.९ हॉर्सपॉवर. या वेळी टोपणाला मीच आधी हात लावला, थंड होतं. चौथ्या दोरीला सुरू झालं, मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नीट पडत होती. खालच्या गिअरचा बोल्ट सैल केला तर तेल दुधाच्या चहासारखं आलं. सील गेलेलं, आत खारं पाणी. त्यावर घासाघीस करून ४४,००० ला मिळालं आणि सीलला ३,५०० गेले.

सगळा जुलै त्या मागच्या फळीने खाल्ला. सडकं प्लायवूड खरवडून काढलं तेव्हा ओल्या भुश्यासारखा चिखल निघाला. नवीन प्लायवूड बसवून वरून मॅट आणि रेझिनचे थर द्यायचे. हे काम कोरड्या हवेचं. पावसाळी दमटपणात रेझिन नीट धरत नाही. माझा पहिला थर तीन दिवस चिकटच राहिला, तो खरवडून पुन्हा सुरुवात. मग होडीवर ताडपत्री ताणली आणि आत दोनशेचा बल्ब रात्रंदिवस लावला. शिकवायला आलेल्या कारागिराने पहिल्याच दिवशी दम दिला होता. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट घालून पुरतं ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. दोन्ही थेट एकमेकांत ओतलीस तर पेट घेतील. मी दोन बाटल्या पडवीच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या. बायको म्हणायची, सवतींसारख्या ठेवल्यात.

रेझिन, मॅट, प्लायवूड ११,०००. टेम्पो ४,०००. नांगर, दोर, दोन लाइफ जॅकेट आणि नावावर करायचा खर्च मिळून ५,०००. माझ्याकडे होडी होती, मशीन होतं आणि ५०० रुपये होते.

"आणि जाळी?" बाबांनी पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

११ ऑगस्टला नारळी पौर्णिमा झाली. दोन दिवसांनी शेजारच्या काकांची जुनी कांडाळी जाळी उसनी घेऊन मी आणि मामा निघालो. बोली अशी की निम्मी मासळी जाळ्यांची. मशीन चौथ्याच दोरीला सुरू झालं, मागची फळी जराही हलली नाही. मी तिच्याकडेच बघत बसलो होतो, म्हणून पायाला पाणी लागलं ते उशिरा कळलं. मामाने रंगाचा रिकामा डबा माझ्याकडे सरकवला. परत येईस्तोवर मी एकतीस डबे पाणी उपसलं. बांगडा बरा मिळाला होता. निम्मा गेला, राहिलेल्यातून पेट्रोल वजा जाता घरी कालवणापुरता आला.

दुसऱ्या दिवशी आळीतली आठ माणसं बोलावली आणि होडी पालथी घातली. वर्षानुवर्षं वाळूवरून ओढून ओढून तिचा कणा मधोमध इतका झिजला होता की फायबरचे धागे उघडे पडले होते. "ही बग," मामा म्हणाला, "जाळी गावली तुका." सगळे हसले, मीही हसलो. उरलेल्या रेझिनचं ठिगळ लावलं. पाणी पुष्कळ कमी झालं, पण थांबलं नाही. नीट काम कोरड्या हवेत करता येईल तेव्हा करायचं आणि तोवर हंगाम बुडवायचा नाही, असं ठरलं.

बाबा होडीत कधी बसले नाहीत. पण मी परतायच्या सुमाराला ते माडाखाली येऊन उभे राहायचे आणि होडीखाली ओंडे टाकायला पुढे व्हायचे. टोपलीकडे न बघता विचारायचे, "आज किती डबे?"

पहिल्या आठवड्यात मी बारा म्हणालो, मग नऊ. दिवाळीच्या आसपास एके दिवशी, सौंदाळे बऱ्यापैकी लागले होते त्या दिवशी, म्हणालो, "चार."

"बरा," बाबा म्हणाले आणि दोर खांद्यावर घेतला.